सांडूमामाचं पद्मटंक

सांडूमामा गेला तेव्हा शेत मुलांना मिळालं, घर मामीला, आणि मला एक नाणं. तेराव्याची जेवणं उरकल्यावर केसरमामीने मला आत बोलावलं, पदराची गाठ सोडली आणि ते माझ्या मुठीत कोंबलं. "हे राजीलाच द्यायचं, म्हनले व्हते. दुसऱ्या कुनाला नाय." आणखी काहीतरी तिच्या ओठांवर आलं होतं, पण तेवढ्यात कुणी पत्रावळी मागायला आलं आणि ती उठून गेली.

मला राग आला, खोटं कशाला बोलू? माझ्या आईचा हा एकुलता एक भाऊ. लहानपणी सुट्टी लागली की मी मामाच्या गावी पिशोरला, त्याच्या खांद्यावर. मग मी सहा वर्षांची असताना ते एकदम बंद झालं. मामा आमच्याकडे यायचा, भुईमुगाच्या शेंगा आणायचा, पण "चल गावाला" असं पुन्हा कधी म्हणाला नाही. मी रडून गोंधळ घातला तरी नाही. पुढे माझी लेक श्रेया झाली, तिलाही त्याने गावाची वेस दाखवली नाही. मी त्याचं नाव चिंगूस मामा ठेवलं होतं. आता जाताना हे एक नाणं, म्हणजे चिंगूसपणाची हद्दच.

गारखेड्याला घरी आल्यावर माझा नवरा सोमनाथ ते घेऊन खिडकीशी बसला. पिवळंधमक, पातळ, वाटीसारखं किंचित खोलगट. मधोमध कमळ आणि कडेने चार-पाच ठसे. त्याने मोबाईलवर शोधाशोध केली आणि ओरडलाच, "राजनंदिनी, हे पद्मटंक आहे! यादवांचं सोन्याचं नाणं! देवगिरीच्या राजांचं!" त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी चहा ठेवून बाहेर येईपर्यंत त्याने फोटो काढून जुन्या नाण्यांच्या कुठल्याशा ग्रुपवर टाकलाही होता, वर आमचा फोन नंबर.

संध्याकाळी फोन आला. माणूस लाघवी बोलत होता. "मी कडुबा बोलतो, पडेगावहून. दादा, चीज लई भारी हाय तुमच्याकडं. कुन्या गावची?"

सोमनाथने गाव सांगितलं. मामाचं नाव सांगितलं. मी हाताने खुणा करत होते, पण तो रंगात आला होता.

"अशी चीज एकटी नसती, दादा. खाली हंडे असत्यात. बरं, घरात कुनी पायाळू हाय का?"

"एक सोडून दोन!" सोमनाथ हसला. "आमची बायको पायाळू आणि पोरगीही पायाळू. आमच्याकडे उलटं जन्मायची रीतच आहे."

"पोरगी केवढी?"

"नऊ वर्षांची."

त्याने तिचं नाव आणि शाळाही विचारून घेतली, आणि सोमनाथने तेही सांगून टाकलं. मग "बरं, बरं" म्हणून फोन बंद झाला.

पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेलं माणूस. त्याचं कौतुकही होतं आणि त्याला जपावंही लागतं. कुणाच्या कंबरेत उसण भरली की पायाळूने पाय लावायचा, वीज कडाडली की पायाळूने घरात बसायचं. श्रेयाला तर शेजारच्या काकू हौसेने बोलावतात, पाय लावून घेतात आणि हातावर चॉकलेट ठेवतात. पण पायाळूला जमिनीखालचं धन दिसतं असंही लोक म्हणतात, आणि त्या धनासाठी काय काय करतात ते मी पेपरात वाचलेलं होतं. सोमनाथला म्हटलं तर तो म्हणाला, "कुठल्या जमान्यात आहेस?" तरी मी रात्री दाराची कडी दोनदा बघितली.

परवा दुपारी श्रेया शाळेतून आली, चपला भिरकावल्या आणि सोफ्यावर पाय पसरून बसली. तिच्या उजव्या अंगठ्याला कुंकू होतं.

माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं.

"हे कुणी लावलं?"

"शाळेबाहेर एक काका होते. त्यांच्या पाठीत उसण भरली होती. मी पाय लावला." तिला माझा चेहरा बघून रडूच आलं. "मग त्यांनी पाया पडून कुंकू लावलं. फोटो काढला. म्हणाले, पाय लई गुणाचे हायेत. त्यांना माझं नाव माहीत होतं, आई."

मी तिला मोरीत नेऊन अंगठा घासला. साबणाने घासला, दगडाने घासला, पोरगी कळवळली तरी थांबले नाही. आणि घासता घासता मला माझे स्वतःचे पाय आठवले. छोटे, धुळीने भरलेले, दोन्ही अंगठ्यांना कुंकू. नवा फ्रॉक. मामाने घट्ट धरलेला हात. पुढचं काही आठवेना.

त्या दिवशी सोमनाथही हसला नाही. त्याने ग्रुपवरून फोटो काढून टाकला, पण सुटलेला बाण कुठे परत येतो? हे नाणं नक्की काय आहे ते आधी कळायला हवं होतं. आम्ही श्रेयाला बरोबर घेऊनच शहागंजला ताहेरा मॅडमकडे गेलो. त्या सोमनाथला कॉलेजात इतिहास शिकवायच्या, आणि नाण्यांवरच त्यांचा सगळा अभ्यास. त्यांनी भिंग लावलं आणि बराच वेळ ते बाजूला केलंच नाही.

"हे सोनं नाही, बेटा. पितळेवर मुलामा आहे," त्या म्हणाल्या. "खऱ्या पद्मटंकावर एकेक ठसा वेगळा ठोकलेला असतो. हे सगळं एका साच्यात ओतलंय. कडेला जोड बघ. आणि या पाकळीला चीर आहे ना?" त्यांनी कपाटातून एक डबी आणली. आत तसंच नाणं होतं, त्याच पाकळीला तशीच चीर. "हे कन्नडकडच्या एका बाईने आणून दिलं होतं. असली नाणी विकायला बनवत नाहीत. गुप्तधन काढून देतो म्हणणारा भोंदू बुवा आधी शेतात हे एक पुरतो, मग सगळ्यांदेखत उकरून काढतो. म्हणतो, बाकीचे हंडे खाली आहेत, पण पायाळू पोराशिवाय वर यायचे नाहीत."

"आणि पोराचं काय करतात?" मी विचारलं.

मॅडमनी श्रेयाकडे बघितलं आणि बिस्किटांची बशी तिच्यापुढे सरकवली. "त्या बाईचा मुलगा सापडला नाही," त्या हळू आवाजात मला म्हणाल्या. "आजच पोलिसांत जा."

घरी आल्याबरोबर मी मामीला फोन लावला. आधी अंगठ्याच्या कुंकवाचं सांगितलं. ती हमसून हमसून रडायला लागली.

"त्यांनीच नेलं व्हतं गं तुला खड्ड्यापाशी. बुवानं नाद लावला व्हता, मोहर दाखवली व्हती. नुसता पाय लावायचा, म्हनला व्हता. तिथं गेल्यावर ह्यांनी खड्डा बघितला. राजी, तो तुझ्या मापाचा व्हता. बाजूला कोयता. ह्यांनी तुला उचललं अन् कपाशीतून पळत सुटले. मागं मानसं लागली व्हती. घरापोतर तुझा पाय भुईला लागू दिला नाय. आले तवा मुठीत ही मोहर तशीच व्हती."

"मग मला परत कधी का बोलावलं नाही?"

"ती मानसं गावातच व्हती ना! तुला बघितलं असतं तर? श्रेया पायाळू हाय कळलं तवापासून म्हनायचे, मोहर राजीला दे अन् समदं सांग. मोहर दिली मी. सांगायची लाज वाटली गं बाई."

मी फोन ठेवला आणि भिंतीला टेकून बसले. तीस वर्षं मी त्या माणसाला चिंगूस म्हणत होते. त्याच्या पापाचाही राग येत होता आणि मला उचलून तो पळाला म्हणून रडूही येत होतं, दोन्ही एकदमच.

ठाण्यात सोमनाथने लेखी तक्रार दिली. आज सकाळी श्रेयाची परीक्षा होती, म्हणून शाळेत सोडलं, आणि मी फाटकासमोरून हलले नाही. सुटायच्या वेळेला फोन वाजला. तोच लाघवी आवाज.

"ताई, कवा यायचं भेटायला?"

मी म्हटलं, "नाणं खोटं आहे. पितळ आहे. तपासून घेतलंय. तुम्हाला काही मिळणार नाही."

तो हसला. अगदी मायेने हसला.

"नानं खोटं असू द्या की, ताई. पाय तर खरे हायेत ना? ते काय, आलीच बघा, निळी पिशवी घेऊन."

निळं दप्तर पाठीला लावून श्रेया फाटकातून बाहेर येत होती. म्हणजे तो इथेच होता. रिक्षांच्या रांगेत, पेरूच्या गाडीशी, हेल्मेट घातलेल्या पालकांत कुठेतरी. मला कुणाचाच चेहरा नीट दिसेना. मी धावले आणि तिला उचलून कडेवर घेतलं, दप्तरासकट.

"आई, काय करतेस! मी चौथीत आहे! सगळे बघतायत!"

"बघू देत."

ती जड होती. चौकापर्यंतच मला धाप लागली, कंबर भरून आली, एक चप्पल मागे राहिली. ती लाजेने माझ्या मानेत तोंड खुपसून "खाली सोड, खाली सोड" म्हणत होती. मी सोडलं नाही. पोलीस ठाण्याच्या पायरीपर्यंत मी तिचा पाय जमिनीला लागू दिला नाही.