नव्वद अंशांची भट्टी

चौथ्यांदा दुपारी प्रयोग बिघडला तेव्हा ललितने वही टेबलावर आपटली.

सुरतच्या त्या कॉलेजात महिनाभर तो एकाच दगडाच्या मागे लागला होता. वायूच्या विहिरीतला दाब उतरला की वायूतलं हलकं तेल थेंबाथेंबाने खडकातच चिकटून बसतं. वर काढलेला कोरडा वायू पुन्हा खाली सोडला, तर ते तेल त्यात मिसळून वर येतं. हे त्याला विहिरीच्या मालक कंपनीला दाखवून द्यायचं होतं. नाहीतर कंपनी सगळा वायू विकणार आणि तेल कायमचं खडकात अडकणार. म्हणून विहिरीतल्या खडकाचा तुकडा नव्वद अंशांच्या भट्टीत ठेवून तो त्यातून वायू सोडत होता. सकाळी तेल झकास निघे आणि बाराच्या सुमारास सगळं फिसकटे. व्हॉल्व्ह बदलले, पंप बदलला, सरांची बोलणी खाल्ली. डोकं फुटायची वेळ आली होती. आता विहिरीतल्या तेलाच्या नमुन्याची एकच बाटली उरली होती.

ती लावली त्या दिवशी ललित रोजचा साडेअकराचा तास घ्यायला गेलाच नाही, भट्टीसमोर ठाण मांडून बसला. बाराला दहा कमी असताना भूपेंद्र आला. हा प्रयोगशाळेचा शिपाई, उधन्यात ललितच्याच गल्लीत राहणारा, त्याच्या आईला कलामावशी म्हणणारा. ललित काही बोलायच्या आत त्याने भट्टीचं दार सताड उघडून आत स्टीलचा डबा सरकवला. तापमानाचा आकडा भराभर उतरला.

"हे काय?" ललित ताडकन उठला.

"तुमनाच डबा शे, भाऊ. कलामावशीनी सांगेल शे, ललितले थंड भाकर देवानी नही. रोज तं ठेवस."

ओरडायचं तरी कोणत्या तोंडाने? महिनाभर त्याने तो गरम डबा चाटूनपुसून खाल्ला होता, आणि भाकरी गरम कशी हे एकदाही विचारलं नव्हतं. त्याला स्वतःचाच भयंकर संताप आला.

बाटली वाया गेली. सर म्हणाले, "कंपनीला पत्र लिही, आणखी एक माग. कारण स्पष्ट लिही. देतील असं वाटत नाही."

तो लिहायला बसला तोच आईचा फोन आला.

"जेवना का रे? डबा गरम व्हता ना?"

ललितच्या ओठांवर काय काय आलं.

"व्हता, माय," तो म्हणाला.

फोन ठेवून त्याने लिहिलं, 'माझा जेवणाचा डबा भट्टीत ठेवल्यामुळे.' भूपेंद्रचं नाव घातलं नाही. खाली सही केली. डबा समोर तसाच बंद होता.