शेडमधलं घड्याळ

बेटावर वीज एकाच इंजिनाची, तेही मासळीच्या कारखान्याचं. दिवसा त्या इंजिनावर बसणाऱ्या माणसाला सगळे ऑपरेटर म्हणत. डोकं आधीच तापट, त्यात महिनाभर बायको कारखान्यातून रोज अर्धा तास उशिरा येत होती. तोवर तान्ही पोर भुकेनं रडून काळीनिळी व्हायची.

"सहाला सुटतेस ना? मग कुठे गप्पा छाटत बसतेस?" एका संध्याकाळी तो तिच्यावर खेकसला.

"गप्पा?" पोरीला छातीशी घेत ती उसळली. "भोंगा झाल्याशिवाय साहेब गेट उघडत नाही. आमची घड्याळं सकाळीच काढून घेतो, पाण्यानं खराब होतात म्हणे! शेडमधल्या घड्याळात सहा वाजले की भोंगा आपोआप होतो."

"कसलं घड्याळ?"

"प्लगवरचं. सेल लागत नाहीत म्हणून मोठं कौतुक आहे त्याचं."

ऑपरेटरला लगेच उमगलं. तसल्या घड्याळाचे काटे विजेच्या फ्रिक्वेन्सीवर फिरतात. इंजिन मंदावलं की काटेही मंदावतात. आणि महिन्यापूर्वी साहेबानंच फर्मावलं होतं, दिवसा वेग आणि व्होल्टेज दोन्ही उतरव, डिझेल वाचतं. रात्री वेग चढवून भरपाई होईल. कसली भरपाई, हे या शहाण्यानं विचारलं नाही. रात्री काटे पळायचे आणि सकाळी घड्याळ बरोबर व्हायचं. दिवसा शेडमधल्या बायकांना फुकट राबवलं जायचं, ते याच्याच हातानं. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माफी मागायला तोंड उघडलं, पण बाहेर पडली ती साहेबाच्या नावानं शिवी. बायको पोरीला घेऊन आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी त्यानं सकाळपासूनच इंजिनाचा वेग चढवून ठेवला, इंजिनाला सोसेल तेवढा. दिवे लख्ख झाले. ऊन उतरायच्या आतच भोंगा वाजला आणि पाठोपाठ फोन खणखणला.

"इंजिन का पळवलंस? भोंगा केव्हाच झाला! बायका गेटवर धडका देताहेत!" साहेब किंचाळला.

"भोंगा घड्याळ देतं ना, साहेब? त्यात इंजिनाचा काय संबंध?"

"काटे त्याच्यावरच पळतात, मूर्खा!" साहेबाच्या तोंडून निघून गेलं.

"म्हणजे माहीत होतं तुम्हाला!" ऑपरेटर गरजला. "महिनाभर लुबाडलात तो वेळ आता परत करायचा. तोवर दिवसा काटे असेच पळणार."

"रात्री उतरवून घेईन मी वेग!"

"उतरवाच. दिवसा पुढे पळालेलं घड्याळ सकाळी बरोबर नको का? रातपाळीचा ऑपरेटर तर तयारच बसलाय. माझा मेहुणा आहे तो, आणि शेडमध्ये त्याची सख्खी बहीण राबते."

त्यानं फोन आदळला. खिडकीबाहेर गेट उघडलेलं होतं, आणि बायका घोळक्यानं घराकडे निघाल्या होत्या. त्याची बायको सगळ्यांच्या पुढे होती, जवळजवळ पळतच. पाळी संपल्याशिवाय त्याला इंजिन सोडता येत नव्हतं. हाक मारावी म्हणून त्यानं खिडकी उघडली. ती वर न बघताच निघून गेली, आणि कालची माफी त्याच्या तोंडातच राहिली.