कालव्यावरच्या पट्ट्याची चुळबुळ

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. पण विजार सावरणाऱ्या पट्ट्यांत मला धरू नका. तुमच्याकडे पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधतात, त्या घराण्यातला मी. फक्त मी खजुराचा आहे. खजुराची झावळी कापली की तिचं जाड बूड झाडालाच राहतं. ते वाळलं की बुचासारखं हलकं होतं. आमच्या इराकात, बसऱ्याकडे त्याला करब म्हणतात. असे सहा करब दोरीत ओवले की झालो मी.

सध्या मी अबुल खसीबमधल्या एका घराच्या भिंतीवर, खिळ्याला टांगलेला असतो. घरासमोर कालवा आहे. नदीची भरती दिवसातून दोनदा त्यात शिरते आणि दोनदा निघून जाते. पाणी पायऱ्या चढू लागलं की मला स्वस्थ राहवत नाही. वारा नसतानाही मी भिंतीवर टकटक आपटतो. घरातले म्हणतात, पाल असेल. इतक्या वर्षांच्या सेवेनंतर माझी ही ओळख.

मला घडवलं अब्बूदने. त्याची खजुराची बाग आहे. हिवाळ्यात त्याने झाडं साफ केली, करब खाली पाडले, उन्हात वाळवले आणि एकेक हातावर तोलून पाहिला. बाकीचे सगळे तन्नूरमध्ये, म्हणजे भाकरीच्या भट्टीत गेले. आम्ही सहा वाचलो. आम्हाला बुडता येत नाही, एवढीच आमची पात्रता. एवढ्याच पात्रतेवर मोठमोठ्या खुर्च्यांत बसलेली माणसं मी रेडिओवर ऐकली आहेत, तेव्हा त्याबद्दल मला संकोच वाटत नाही.

कामाची पद्धत सोपी होती. मूल पाण्याला सरावलं की माझा एक करब काढायचा. आणखी सरावलं की आणखी एक. शेवटी नुसती दोरी उरायची आणि मूल तीही फेकून पलीकडच्या काठाला लागायचं. थोडक्यात, नेमानं कमी कमी होत जाणं हीच माझी नोकरी होती. अब्बूदचे दोन्ही मुलगे माझ्यावर शिकले. दोघंही आज सांगतात की आम्ही आपोआप शिकलो.

मग पाळी आली त्याच्या धाकट्या लेकीची, रबाबची. वय सहा, दात चार पडलेले. खजूर उतरले की तिची शाळा सुरू होणार होती आणि शाळा नदीपलीकडे. मुलं बलममधून जातात. बलम म्हणजे आमची लांब, अरुंद होडी. तिचा नावाडी बदर याचा एकच नियम होता. पाण्याला घाबरणारं पोर तो घेत नसे. ते एक उभं राहिलं की बाकीची दहा पाण्यात, असं तो म्हणे, आणि त्याचं बरोबर होतं. रबाब तर पाय धुवायलाही तिसऱ्या पायरीवर जात नव्हती. म्हणजे शाळेचा प्रश्न कालव्यातच अडकला होता.

घाबरण्याची विद्या तिने आईकडून घेतली होती. नजीबा मूळची झुबैरची, वाळवंटाच्या कडेची. तिथे पाणी घागरीत असतं आणि सांगितल्याशिवाय हलत नाही. लग्न होऊन ती इथे आली तेव्हा दारातलं पाणी आपण होऊन पायऱ्या चढताना तिने पाहिलं. तेव्हापासून तिचा कालव्यावर विश्वास नाही. मुलगे पुरुषांबरोबर शिकले, तिला बघावं लागलं नाही. ही मात्र लेक होती. पोरगी घरीच बसेल, निरक्षर राहील पण राहील तरी, असं तिने अब्बूदला सांगून टाकलं.

शिकवायचं काम अब्बूदच्या थोरल्या बहिणीने, फख्रियाने घेतलं. फख्रियाआत्याने सुरुवातीला मला हातही लावला नाही. ती रबाबला घेऊन पहिल्या पायरीवर बसली आणि मासे साफ करत राहिली. पाय पाण्यात सोड, असंही म्हणाली नाही. भरती आपोआप वर आली आणि पावलं भिजली. मग खेळ सुरू झाले. गरम चहावर घालतात तशी पाण्यावर फुंकर घालायची. तरंगता खजूर ओठांनी उचलायचा. कान पाण्यात बुडवून दूरच्या मोटारहोडीची घरघर ऐकायची. आमच्याकडे मोठी माणसं लहानांना आपल्याच नात्याने हाक मारतात. आई लेकीला ‘आई’ म्हणते, आत्या भाचीला ‘आत्या’. त्यामुळे काठावर दिवसभर चाले, “आत्या, काय ऐकू आलं?” आणि “आत्या, मासा ढेकर देतोय.”

अशा गमतीगमतीत ती गळ्याइतक्या पाण्यात आली, मग मला बांधून उताणी आडवी झाली आणि एके दिवशी आभाळाकडे बघत गुणगुणू लागली. फख्रियाने माझा एक करब सोडला. रबाबला कळलंही नाही. दारातून बघणाऱ्या नजीबाला मात्र कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवून आडवे झाले असताना तिने मला खिळ्यावरून काढलं. काढलेला करब परत ओवला. जळणाच्या ढिगातून आणखी तीन आणले आणि तेही ओवले, सगळे पाठीच्या बाजूला. वर दृष्ट लागू नये म्हणून निळा मणी. मित्रांनो, इतक्या मायेने मला कधी कोणी बांधलं नव्हतं, आणि इतकं चुकीचंही.

भरतीला रबाब हसत पाण्यात उतरली, पाय उचलले, अन् पाठीमागच्या त्या गर्दीने तिला वर ढकलून पालथी केली. कंबर वर, तोंड पाण्यात. मला हलता येईना. मी तरंगत होतो, अगदी उत्तम तरंगत होतो. ती नव्हती. फख्रिया हातभर अंतरावर होती. तिने पोरीला दंडाला धरून उचललं, पाठीवर थापट्या मारल्या. रबाब खोकली, पाणी ओकली आणि रडली. सगळं एका दमात घडलं. पण नंतर ती धावत घरात गेली ती खाटेखालीच शिरली.

नजीबा छाती पिटत दारात आली. “मी सांगत होते, कालवा मुलं खातो. हा मेला पट्टा आत्ताच्या आत्ता तन्नूरमध्ये घालते.” तन्नूर पेटलेलाच होता. माझ्या जातीला तो परका नाही, तरीही मला धग जाणवली. फख्रियाने मात्र मला तिच्या हातून घेतलं, उलटंपालटं केलं, गाठी पाहिल्या, मणी पाहिला.

“हे कोणी बांधलं?”



“मी जरा जास्तच जपलं,” नजीबा म्हणाली. “त्यात माझं काय चुकलं?”

“जपायचंच असेल तर आपल्या कमरेला बांध,” फख्रिया म्हणाली. “तेवढी जागाही आहे तिथे.”

हा टोमणा होता. तो टोमणाच राहिला असता, पण खाटेखालून आवाज आला, “बांध ना आई.”

असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर पुरुष बागेत असतात आणि काठ बायकांचा असतो. त्या वेळी नजीबा लांब झग्यासकट पायऱ्या उतरली. कमरेला मी, नऊ करबांचा. या वेळी फख्रियाने ते चारी बाजूंना नीट वाटून बांधले होते. ओठांवर दुआ चालू होती. तिसऱ्या पायरीवर तिचे डोळे मिटले. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यांत जड काम. दोरी कुरकुरली.

रबाब दुसऱ्या पायरीवर उकिडवी बसून बघत होती. आईला घाबरताना तिने पुष्कळदा पाहिलं होतं, पण घाबरत घाबरत पुढे जाताना प्रथमच. तिला राहवेना.

“डोळे उघड,” ती म्हणाली. “फुंकर घाल. चहावर घालतेस तशी.”

नजीबाने फुंकर घातली. पाणी जरा सरकलं. तिने पुन्हा घातली. मग पाय सुटले आणि ती गळ्यापर्यंत खाली जाऊन तिथेच थांबली, कारण पुढचं काम माझं होतं. तिने आंधळ्यासारखा हात पुढे केला.

“आई,” ती लेकीला म्हणाली, “मला सोडू नकोस.”

हात पायरीवरून पुरत नव्हता. रबाब पुढे सरकली, आणखी पुढे, आणि आईची बोटं पकडली तेव्हा ती छातीभर पाण्यात होती. तिच्या कमरेला काहीही नव्हतं. फख्रियाचा तळहात तेवढा पोटाखाली आला होता, आणि तोही टेकवलेला नव्हता. “आता कान बुडव आई,” रबाब सांगत होती, “मासा ढेकर देतो ते ऐकू येतं.”

खजूर उतरले, शाळा सुरू झाली. पहिल्याच सकाळी नदीत मोठी लाँच गेली आणि बलम डोलू लागली. दोन थोरली मुलं ओरडली. रबाबने कडेची फळी धरली, वाकून लाटेवर फुंकर घातली आणि बसून राहिली. बदर वल्हं मारत राहिला. काठावर नजीबाने श्वास सोडला.

आता रीतीप्रमाणे मी काहीतरी मागायला हवं. छत्री म्हणते मला वाळवत ठेवा, पुस्तक म्हणतं पानं दुमडू नका. मला जपलं नाहीत तरी चालेल. उंदराने कुरतडलं तर खजुराच्या झाडांना इथे तोटा नाही. पण मूल पाण्यात असताना मला बांधून चहा प्यायला जाऊ नका. मी तरंगतो, बघायचं काम तुमचं. आणि बांधताना माप मुलाच्या कमरेचं घ्या, स्वतःच्या भीतीचं नको.

रबाबला आता माझी गरज नाही. तरी मी पूर्ण रिकामा नाही. असरनंतर नजीबा मला खिळ्यावरून काढते. पोरीसाठी पाणी कसं आहे ते बघून येते, असं घरात सांगते. पोरगी तेव्हा पलीकडच्या काठावर भावांशी भांडत असते. नऊच्या नऊ करब नजीबा बांधत आली, आणि फख्रियाने एकाला हात लावला तरी चिडायची.

काल तिने स्वतःच एक सोडला आणि तन्नूरमध्ये टाकला. चांगला जळला.

भरती लागली आहे. पाणी तिसऱ्या पायरीवर आलं असावं. मी भिंतीवर आपटतोय, आणि या वेळी पाल असेल असं कोणी म्हणालं नाही. तिच्या चपला वाजल्या.