आईच्या डोळ्यातले चौकोन

फुलीचा प्रत्येक टाका कापडावरचा एक लहानसा चौकोन व्यापतो आणि त्या चौकोनात एकच रंग मावतो. भरतकाम करणाऱ्या आत्याचे आयुष्य असे चौकोन मोजण्यात गेले होते. फुले, पक्षी, घरे हा तिच्या हातचा मळ होता. थोरल्या भावाने मागितलेला त्यांच्या आईचा चेहरा मात्र तिने वर्षानुवर्षे टाळला. चेहरा दोऱ्यात धरायचा तरी कसा? आता तर भावाची नजर अधू होत चालली होती.

त्याची मुलगी आत्याला कॉम्प्युटर शिकवायला बसली होती.

"ते पिक्सेल पिक्सेल म्हणतेस, ते काय असतं गं?"

"चित्राचा सगळ्यात लहान तुकडा. थांब, दाखवते." भाचीने आजीचा फोटो उघडला आणि मोठा करत नेला. चेहरा पडद्याबाहेर गेला, मग डोळाही विरघळला. उरले नुसते तपकिरी, राखाडी चौकोन.

"अगं, माझ्या आईचं काय केलंस?"

"आजी जागच्या जागी आहे. एका चौकोनात एकच रंग, बस्स. या यंत्राला चेहरा ठाऊकच नाही. कुठल्या चौकोनात कुठला रंग, एवढंच त्याने लिहून ठेवलंय."

तिने फोटो पुन्हा लहान केला. चौकोन एकमेकांत मिसळले आणि आई बघू लागली.

आत्या पडद्याकडे झुकली. एकाही चौकोनात आई नव्हती, आणि तरी ती समोर होती.

"तुझ्या बाबांना सांग," आत्या हळूच म्हणाली, "आईचा चेहरा मी भरायला घेते."