माझ्यावर स्लॅब घालणार होते

मी मधली भिंत बोलतेय. माझ्या एका अंगाला त्र्यंबक मास्तरांचं घर, दुसऱ्या अंगाला विठाबाईचं. कोल्हापुरात घराला घर लागून, मग दोन्हीकडचं कानावर येतं त्याला मी तरी काय करू? मास्तरांना पित्त कशानं होतं आणि विठाबाईचा तांबडा रस्सा कधी बिघडतो, सगळं मला ठाऊक.

अंग माझं पांढऱ्या मातीचं. बांधली तेव्हा चांगली जाडजूड होते. पण बायकांना भिंत दिसली की तिथं एक कोनाडा असावा असं वाटतंच. इकडे मास्तरांच्या आईनं दिव्यासाठी कोरला, मग औषधाच्या बाटल्यांसाठी. तिकडे विठाबाईनं मिसरीच्या डबीसाठी, हळदीकुंकवासाठी. इकडचीला तिकडचं दिसत नव्हतं. कोनाडे झाले नेमके पाठीला पाठ लावून, आणि माझ्या पोटात ठिकठिकाणी नुसता पापुद्रा उरला. वरून मात्र गिलावा कसा गुळगुळीत!

संस्थान विलीन झालं, त्यानंतर काही वर्षांनी मास्तरांच्या छपराचे वासे कुजले. भर पावसाळ्यात एक वासा कौलांसकट माजघरात आला. नशीब, खाली कोणी नव्हतं. तेवढ्यापुरती डागडुजी केली. पण येत्या आषाढात थोरली लेक श्यामला पहिल्या बाळंतपणाला यायची होती आणि तिची खाट त्याच माजघरात, माझ्या कडेला पडायची होती.

"ती यायच्या आत धड छप्पर हवं," मास्तरांच्या बायकोनं, कालिंदीबाईंनी, त्यांना बजावलं.

उन्हाळ्यात इस्टिमेट द्यायला माणसं येऊ लागली. पहिला म्हणाला, पत्रे घाला. "पत्र्याखाली बाळ भाजून निघेल," म्हणत कालिंदीबाईंनी त्याला चहासुद्धा पुरता पिऊ दिला नाही.

दुसरा आकाराम. तो मंगलोरी कौलांचं बोलला. माझ्यावर थाप मारली, कान लावला आणि म्हणाला, "पलीकडनं बघितल्याबिगर आकडा सांगत न्हाय."

इथंच घोडं अडलं. पागोळ्यांचं पाणी कुणाच्या अंगणात पडावं यावरून दोन्ही घरांत अबोला होता.

"त्या घरात कोणी जायचं नाही," मास्तर म्हणाले.

"मग ऱ्हायलं की," म्हणत आकारामनं चपला घातल्या.

"आकडा फुगवायचा बहाणा लेकाचा!" मास्तर त्याच्या पाठीवर पुटपुटले.

तिसरे गणपतराव. अंगात कोट, हातात टेप. "मास्तर, आता कौलं कोण घालतंय? सिमेंटचा स्लॅब टाकू. वर गच्ची. नातवाला चांदणं दाखवा." त्यांनी मला दोनदा ठोकलं, तेही नेमकं भरीव जागी. "भिंत नवी नको. दगड हाय दगड!" नव्या भिंतीचा खर्च धरलाच नव्हता, म्हणून इस्टिमेट स्वस्तात बसलं. मास्तर हरखले.

कौलांचा भार मी कशीबशी पेलत होते. वर स्लॅब चढला की मी बसणार, आणि बसणार ती श्यामलाच्या अंगावर. भीतीनं माझी माती झरझर गळायला लागली. कालिंदीबाईंनी ती झाडून काढली. म्हणाल्या, "उंदीर फार झालेत बाई."

आमच्याकडे काम ठरलं की नारळ देतात. नारळ हातात पडला म्हणजे शब्द पक्का, मग माघार नाही. गणपतराव पाटावर बसले. कालिंदीबाईंनी नारळाला कुंकू लावलं. मास्तरांनी तो उचलला.

पलीकडे विठाबाई मिसरीच्या कोनाड्याला कान लावून बसली होती. तिचा श्वास मला लागत होता. एकदा खाकरली, लगेच पदर तोंडाशी धरला. बोलावं तर चोरून ऐकते हे उघडं पडणार. मास्तरांचा हात पुढे झाला, तशी तिनं खलातला बत्ता उचलला आणि माझ्या पापुद्र्यात घातला.

इकडे बाटल्या खळाखळा खाली आल्या. कोनाड्यातून हिरव्या बांगड्या भरलेला हात कोपरापर्यंत बाहेर!

"मास्तर, नारळ ठेवा खाली! ही भिंत हाय का सुपाचं बूड?"

कालिंदीबाई किंचाळल्या. मग सावरून म्हणाल्या, "विठाबाई, तुम्ही ऐकत होता?"

"व्हय, ऐकत हुते. रोज ऐकते. त्यावरनं उद्या भांडा माझ्याशी. पण तुमची श्यामा हितंच निजणार न्हवं?"

गणपतराव हसले. "एक कोनाडा न्हवं? बुजवू की."

"एक? या की पावणं हिकडं. बघा तर खरं."

मास्तर काही बोलायच्या आत गणपतराव उठून पलीकडे गेले. मला या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकत आले. सगळीकडे डबडब. परतले तेव्हा चेहरा उतरला होता. "मास्तर, ह्याच्यावर स्लॅब मी घालत न्हाय. मलाबी लेकी हाईत." नारळ न घेताच गेले.

दुसऱ्या दिवशी मास्तर स्वतः आकारामला घेऊन विठाबाईच्या दारात उभे राहिले. "येऊ का आत?" आवाज अगदी खाली आला होता. विठाबाई म्हणाली, "या की. दार काय माझं लावलेलं हाय?"

आकारामनं माझ्या कडेनं सागवानी खांब रोवले, भार त्यांच्यावर घेतला आणि वर मंगलोरी कौलं चढवली. कोनाडे विटांनी भरले. आता मला दोन्हीकडचं थोडं कमी ऐकू येतं, पण असो.

बाबांनो, छप्पर बदलणार असाल तर चार इस्टिमेटं जरूर घ्या. पण आधी शेजारच्या घरात जाऊन या. भिंतीला दोन तोंडं असतात आणि बोलता एकानंही येत नाही.

श्यामलाला मुलगी झाली. हल्ली ती मला पाठ लावून उभं राहायला शिकतेय. टेक, बाळ. एवढा भार मला झेपतो.