जिंतूरसमोरची रेघ

मित्रांनो, मी परभणीच्या मोंढ्यातला, म्हणजे घाऊक बाजारातला, एक जुना फळा आहे. सुताराने सागाच्या फळ्या जोडून मला घडवले, काजळी लावून काळे केले आणि कचेरीच्या भिंतीवर टांगले. तेव्हा निजामाचा अंमल होता. दर बाजाराला कारकून दिनकरराव माझ्यावर खडूने लिहीत, कोणत्या तालुक्यात कापसाच्या किती गठाणी विकायच्या राहिल्या ते. कापसातली सरकी काढून गठाणी बांधणारे जिनिंगवाले आपापला आकडा विश्वासाने कळवत. कोणाचेही नाव बाहेर जाणार नाही, असा कचेरीचा शब्द होता.

नाव खरेच कधी लिहिले नाही. पण जिंतुरात जिनिंग एकच होती, भागम्माची! नवऱ्यामागे ती एकटीच जिनिंग चालवत होती. मग 'जिंतूर' लिहिले काय आणि 'भागम्मा' लिहिले काय! व्यापारी चंद्रभानने मला वाचले, तिचा माल पडून आहे हे ओळखले आणि निम्म्या भावाने मागितला.

भागम्मा तणतणत आली. "दिनकरराव, नाव झाकलं म्हणता, अन् जिंतुरात दुसरी जिनिंग हाय का? का तुमी काल काढली?"

दिनकरराव वरमले. पुढच्या बाजारी त्यांनी जिंतूरसमोर आकडा न लिहिता जोरात रेघ ओढली. मला हायसे वाटले. मग त्यांनी बाकीचे सगळे तालुके लिहिले आणि खाली जिल्ह्याची बेरीजसुद्धा लिहिली! मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

चंद्रभानने बेरजेतून बाकीचे तालुके बोटांवर वजा केले; उरला तो जिंतूरचा आकडा. "रेघ लय चांगली वढली, दिनकरराव!" मग तो शेजारी उभ्या भागम्माकडे वळला. "आक्का, देता का आता त्याच भावानं?"

पाऊस तोंडावर होता आणि गठाणी झाकायला जागा नव्हती. भागम्माने माल दिला.

त्यानंतर दिनकरराव जिंतूर आणि परभणीचा आकडा एकत्र लिहू लागले. परभणीत जिनिंग पुष्कळ. चंद्रभान बराच वेळ माझ्यासमोर बोटे मोजत उभा राहिला आणि निघून गेला. इतके सोपे होते, मित्रांनो! मग आधी का नाही सुचले?

"आता तुमचा आकडा कुणाला कळणार न्हाई," दिनकरराव भागम्माला म्हणाले.

"मग खरा कशाला पाहिजे?" ती म्हणाली. "तुमच्या शब्दावर एकदा बुडाले. लिवा तुमच्या मनानं काईबी."

त्या दिवसापासून माझ्यावरची बेरीज खोटी आहे. दिनकरराव आता नाहीत. त्यांच्या रेघेचा चरा मात्र राहिला आहे. खडू तिथे आला की अडखळतो. मित्रांनो, कोणी विश्वासाने सांगितलेले चारचौघांत मांडण्याआधी, एकदा चंद्रभानच्या जागी उभे राहून माझ्याकडे पाहा.