पडद्याआडचा पाहुणा

मी एक जुनी लाकडी कोठडी आहे. तुरुंगातली नव्हे, चर्चमधली. रोक्कासेल्वा या डोंगरगावात संत एमिदियोचे चर्च आहे, त्याच्या डाव्या भिंतीला टेकून मी उभी असते. माझे तीन कप्पे आहेत. मधल्या कप्प्यात फादर बसतात. बाजूच्या दोन्ही कप्प्यांत गुडघे टेकायला एकेक फळी आहे, आणि मध्ये बारीक भोकांची जाळी. माणूस गुडघे टेकतो, जाळीला तोंड लावतो, आणि जे बायकोला, भावाला, शेजाऱ्याला सांगता येत नाही ते फादरांच्या कानात सांगतो. फादर ऐकतात, दोन शब्द बोलतात, देवाच्या नावाने क्षमा देतात. मग तो माणूस उठतो आणि घरी जाऊन पोटभर जेवतो. मित्रांनो, माझे काम एवढेच.

मी ज्या अक्रोडापासून झाले, तो गावच्या पाणवठ्यापाशी होता. बायका धुणे धूत त्याच्या सावलीत भांडत असत. तो वादळात पडला तेव्हा सेराफिनो सुताराने त्याचे लाकूड मागून घेतले. या लाकडाला ऐकून घ्यायची सवय आहे, असे तो म्हणे. दोन हिवाळे तो माझ्यावर खपला. जाळीची भोके त्याने एवढी बारीक पाडली की आवाज पलीकडे जावा, पण चेहरा दिसू नये. ती नीट झाली की नाही हे पाहायला त्याने बायकोला एका बाजूला बसवले. तिने सगळ्या वर्षाचा राग तिथे काढला आणि मग विचारले, ऐकू येते का? तो म्हणाला, तुझा आवाज दगडी भिंतीतूनही येतो, तुझ्यावरून जाळीची परीक्षा होणार नाही. मग त्याने आपल्या मुक्या वाटणाऱ्या सासूला बसवले.

माझ्या मधल्या कप्प्याला अर्धे दार आहे आणि दारावर जांभळा पडदा. गावाचा रिवाज असा की पडदा उघडा असेल तर आत कोणी नाही. पडदा ओढलेला असेल तर फादर आत आहेत, पुढे व्हा आणि गुडघे टेका. हाक मारायची नाही, वाकून बघायचे नाही. हा रिवाज कुणी कुणाला शिकवला नाही. लहान मुले आईचे बोट धरून तो शिकत.

दोनशे वर्षांहून अधिक काळ मी ऐकत आले. ईस्टरच्या आधी माझ्यापुढे दारापर्यंत रांग लागे. एका लढाईच्या काळात फादरांच्या बसायच्या फळीखाली गव्हाच्या पिठाचे पोते लपवलेले होते. लोक येऊन सांगत, फादर, मी पीठ लपवले आहे. फादर त्या पोत्यावर बसून त्यांना क्षमा करत. मग फादर कॅलिस्तो आले. एक्केचाळीस वर्षे ते माझ्यात बसले. त्यांना बडीशेप चघळायची सवय होती, माझ्या लाकडाला अजून तिचा वास येतो. एक्केचाळीस वर्षांत कुणी काहीही सांगितले तरी ते कधी साधे खाकरलेसुद्धा नाहीत. लोक म्हणत, या कोठडीत टाकलेले विहिरीत टाकल्यासारखे आहे. याहून मोठी शाबासकी मला कुणी दिली नाही आणि मला नकोही होती.

फादर कॅलिस्तो गेले. तरुण माणसे शहरात गेली. छप्पर गळू लागले आणि माझ्या उजव्या बाजूला कीड लागली. कित्येक वर्षे माझ्यात फक्त झाडू आणि फुलदाण्या ठेवलेल्या असत. मग कुणीतरी शहरातून आले, त्यांनी माझ्या भोकाभोकांत सुईने औषध घातले, मेण लावले, आणि मी फार मोलाची आहे असे एकमेकांना सांगितले. मला बरे वाटले. मूर्ख होते मी.

त्यानंतर पाहुणे येऊ लागले. एका वेळी आठच माणसे, त्याहून जास्त नाहीत. गर्दी नको, शांतपणे सगळे पाहता यावे, म्हणून आठ. त्यांना घेऊन फियाम्मेत्ता नावाची मुलगी यायची. ती खालच्या गावातली, शिकलेली, गोड बोलणारी. तिच्या गळ्यात छोटा माईक असे आणि पाहुण्यांच्या कानांत यंत्रे. त्यामुळे ती हळू बोलली तरी चर्चच्या कुठल्याही कोपऱ्यात त्यांना ऐकू जाई. पाहुण्यांकडून जे मिळे त्यातून छप्पर दुरुस्त झाले, हे मी मान्य करते. पण ती माझ्यापुढे उभी राहून सांगायची की एका सरदाराने माझ्यात तीन दिवस आणि तीन रात्री कबुली दिली होती. मित्रांनो, त्या सरदाराला मी कधी पाहिले नाही. आणि सेराफिनोच्या फळीवर तीन दिवस गुडघे टेकून दाखवावेत कुणीही. पुढे ती म्हणायची, बसा की आत, बसून बघा. लोक बसत, फोटो काढत, हसत उठत.

गावाला आता स्वतःचा फादर नाही. फादर एवासिओ चार गावे सांभाळतात. एका छोट्या गाडीतून ते दिवसभर डोंगर चढतात आणि उतरतात. त्यांनी बाजूच्या दाराला कागद लावला होता: कबुली, शनिवारी चार वाजता. बहुतेक शनिवारी कुणी येत नसे. फादर डुलकी काढत आणि जात.

आता मला ओत्तावियाबद्दल सांगायचे आहे.

ओत्ताविया एक्याऐंशी वर्षांची. तिची थोरली बहीण डेल्फीना तिच्याच गल्लीत पाच घरे खाली राहायची. दोघी सेहेचाळीस वर्षे एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. का, ते गावात जो तो वेगळे सांगे. कुणी म्हणे चेस्टनटच्या झाडांवरून, कुणी म्हणे एका माणसावरून. एक पावाच्या दुकानात शिरली की दुसरी बाहेर पडायची. त्या फेब्रुवारीत डेल्फीना अंथरुणाला खिळली आणि डॉक्टरने तिच्या मुलाला सांगितले की आता नातेवाईक बोलावून घ्या.

एका शुक्रवारी ओत्ताविया आणि तिची मैत्रीण एर्सिलिया वेदीवरची फुले बदलायला आल्या. ओत्ताविया सांगत होती की डेल्फीनाकडे जायचे मनात आहे, पण एक गोष्ट आहे, ती आधी फादरांना सांगणार. ते जा म्हणाले तर जाणार.

"अगं, पाच घरं उतरायला फादर कशाला हवेत?" एर्सिलिया म्हणाली.

"आधी देवाला सांगते, मग तिला. तसंच तोंड घेऊन गेले तर ती भिंतीकडे वळेल आणि मला काही बोलता येणार नाही."

"देव कुठे पळून चाललाय का? डेल्फीना चाललीय."

ओत्तावियाने कोमेजलेली फुले एप्रनमध्ये भरली. म्हणाली, "उद्या चारला. सेहेचाळीस वर्षं थांबली, एक दिवस थांबेल."

शनिवारी साडेतीनला फियाम्मेत्ता आठ पाहुण्यांना घेऊन आली. वेदी दाखवली, खिडक्या दाखवल्या, माझा सरदार सांगितला. मग ती त्यांना तळघरात घेऊन गेली. तिथे जुन्या बिशपची कबर आहे. तळघराच्या पायऱ्या फार उभ्या आहेत. पाहुण्यांतल्या एका जाड, वयस्क माणसाचे गुडघे दुखत होते. फियाम्मेत्ताने त्याला समजावले की तुम्ही वरच बसा, मी खालून बोलेन ते तुमच्या कानात येईलच. तो बाकावर बसला असता तर मी आज ही गोष्ट सांगत नसते. पण ती नुकतीच म्हणाली होती ना, बसा की आत. तो माझ्यात येऊन बसला. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन डोळ्यांवर येत होते. म्हणून त्याने पडदा ओढून घेतला, पाय लांब केले आणि डोळे मिटले.

माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या.

चार वाजायला पाच मिनिटे असताना बाजूच्या दारातून ओत्ताविया आली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तिला चेहरे दिसत नाहीत, पण ओढलेला पडदा दिसतो. ती सरळ माझ्याकडे आली. गुडघे टेकायला तिला बराच वेळ लागला. एक हात माझ्या खांबाला, एक काठीला. मग तिने क्रुसाची खूण केली आणि बोलू लागली.

ती काय बोलली ते मी सांगणार नाही. दोनशे वर्षांत कुणाचे सांगितले नाही, तिचेही सांगणार नाही. एवढेच सांगते की तिला दहा मिनिटे लागली, आणि मध्ये दोनदा तिला थांबून श्वास घ्यावा लागला. तिचा आवाज इतका हळू होता की जाळीपलीकडे कान लावून बसलेल्यालाच तो ऐकू आला असता. तो माणूस कान लावून बसला नव्हता. त्याच्या दोन्ही कानांत फियाम्मेत्ता होती. पलीकडे कुणी आले आहे हेच त्याला ठाऊक नव्हते.

शेवटी ओत्तावियाने विचारायचे ते विचारले. मी जाऊ का तिच्याकडे, हे ती आदल्या दिवशी एर्सिलियाशी उघडच बोलली होती, म्हणून तेवढे सांगायला हरकत नाही. विचारून ती जाळीकडे कान करून थांबली.

आणि नेमकी तेव्हा खाली फियाम्मेत्ता बिशपच्या कबरीपाशी पोचली होती. कबरीवर बिशप झोपलेला कोरला आहे. तिथे ती नेहमी एक विनोद करते, की बिशप जिवंतपणीही असेच झोपायचे, फरक एवढाच की तेव्हा समोर प्रवचन चालू असे.

माझ्यातला माणूस हसला. मोठ्याने नाही, पण पोटातून हसला. माझी फळीसुद्धा हलली.

ओत्ताविया हलली नाही. थोडा वेळ तशीच राहिली, जणू हसण्यामागून एखादा शब्द येईल. आला नाही. मग ती "बरं" म्हणाली. तेवढेच. खांबाला धरून उठली. जाताना तिने क्रुसाची खूण केली नाही. एक्याऐंशी वर्षांत प्रथमच केली नसेल.

थोड्या वेळाने पाहुणे वर आले. जाड माणूस माझ्यातून उठला, त्याने माझ्या दारावरून प्रेमाने हात फिरवला आणि फियाम्मेत्ताला काहीतरी म्हणाला. चार वाजून वीस मिनिटांनी फादर एवासिओ धापा टाकत आले, वाटेत मेंढरे आडवी आली होती. फियाम्मेत्ताने त्यांना कौतुकाने सांगितले की एक पाहुणे तर म्हणाले, या कोठडीत बसून जी शांतता मिळाली ती कित्येक वर्षांत मिळाली नव्हती. फादर म्हणाले, चांगले झाले, बसणाऱ्याने लाकडाचे काय बिघडते. मग ते आत बसले, त्यांनी पडदा ओढला आणि पाच वाजेपर्यंत कुणी येते का याची वाट पाहिली. कुणी आले नाही.

पाच घरे उतरून ओत्ताविया गेली नाही. बुधवारी डेल्फीनासाठी घंटा वाजली.

मयताच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या शेवटच्या प्रार्थनेला, सारे गाव होते. ओत्ताविया सगळ्यात मागच्या बाकावर, माझ्याजवळ बसली होती. सख्खी बहीण, पण कुणी तिला पुढे बोलावले नाही. मिस्सा चालू असताना पहिल्या बाकावरच्या एका तान्ह्या बाळाने आजीचा काळा रुमाल ओढून तोंडात घातला, आणि वेदीवर उभ्या असलेल्या फादरांना क्षणभर हसू आले. ते मी पाहिले. ओत्तावियाला एवढ्या लांबचे दिसणे शक्यच नव्हते.

मिस्सा संपल्यावर फादर तिच्यापाशी आले आणि त्यांनी हात पुढे केला. तिने आपला हात काठीवरच ठेवला.

"तुम्ही हसलात, फादर."

फादरांचा चेहरा लाल झाला. त्यांना बाळ आठवले. मला वाटले, आता ते विचारतील, कधी हसलो? एवढा एक प्रश्न, आणि सगळे उलगडले असते. मला तोंड असते तर मी ओरडले असते. पण फादर भला माणूस. भल्या माणसांना चूक कबूल करायची घाई असते.

"हो आजी, हसलो," ते म्हणाले. "चुकलंच माझं. आवरलं नाही मला. मला माफ करा."

ओत्तावियाने काठी उचलली. "मी कोण माफ करणारी," ती म्हणाली, आणि डेल्फीनाच्या शवपेटीच्या मागून न जाता बाजूच्या दाराने निघून गेली.

पुढच्या महिन्यात एर्सिलियाच्या मनात कबुलीला यायचे आले. शनिवारी ती माझ्यासमोर उभी होती, पडदा ओढलेला होता, आणि त्यामागे या वेळी खरेच फादर होते. ओत्ताविया फुले ठेवायला आली होती. तिने मैत्रिणीची बाही धरली.

"जाऊ नकोस. घरी जा आणि भिंतीला सांग. भिंत हसत नाही."

गाव लहान आहे. कारण न सांगताही बोलणे घरोघर गेले. दोन शनिवार गेले, चार गेले. आता फादरही कागद काढून घेऊन गेले आहेत. पडदा दिवसभर उघडा असतो आणि मी फक्त सरदाराची कोठडी उरले आहे. पाहुणे आठ-आठ येतात, बसतात, उठतात.

मित्रांनो, आत्मवृत्त सांगून झाले की जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. मला जपायला पुष्कळ लोक आहेत, माझे लाकूड अजून दोनशे वर्षे टिकेल. मी एवढेच मागते. परक्या गावात अशा एखाद्या जागी गेलात, तर ती पाहण्याआधी विचारा की इथे अजून कुणी येते का. दाराशी एखादे म्हातारे माणूस थांबले असेल तर तुम्ही बाजूला व्हा. तुम्ही संध्याकाळी परत जाल. त्याला तिथेच राहायचे आहे.

ओत्ताविया अजून आहे. दर रविवारी ती माझ्यासमोरून जाते आणि मान वळवत नाही. तिला वाटते, तिचे ऐकून देवाचा माणूस हसला. खरे काय झाले ते त्या पाहुण्याला ठाऊक नाही, फादरांना ठाऊक नाही, फियाम्मेत्ताला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, आणि मी लाकूड आहे.